प्रस्तावना : गाभा एक, रूपे अनेक

नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या, म्हणजे एनआयसीच्या, पुणे केंद्राने घडवलेले दस्तनोंदणीचे एक सॉफ्टवेअर आज रायपूरच्या उपपंजीयक कार्यालयात चालते. त्याचे नाव नॅशनल जेनेरिक डॉक्युमेंट रजिस्ट्रेशन सिस्टिम. खात्यातले लोक नुसते एनजीडीआरएस म्हणतात. केंद्राच्या भूमी संसाधन विभागासाठी ते तयार झाले, २०१७ मध्ये पंजाबात पहिल्यांदा सुरू झाले आणि पुढे गोवा, हिमाचल प्रदेश, झारखंड अशी राज्ये करत छत्तीसगडला पोचले. खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत हे व्यवहार सगळीकडचेच. पण पणजीच्या दस्ताला लागणारे सगळे नियम रायपूरच्या दस्ताला लागत नाहीत. म्हणून या सॉफ्टवेअरकडून अपेक्षा अशी, की गाभा एकच राहावा आणि राज्य बदलले की त्याने त्या राज्याचे रूप घ्यावे. परिवहन खात्यांच्या ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या प्रणालींकडूनही हीच अपेक्षा आहे.

ही अपेक्षा एका वाक्यात सांगून होते. ती पुरी कशी करायची, यावर मात्र गेल्या पन्नास वर्षांत एक अख्खे शास्त्र उभे राहिले आहे. त्याला सॉफ्टवेअर प्रॉडक्ट लाइन इंजिनिअरिंग म्हणतात. एकमेकांशी नाते असलेल्या प्रोग्रामांचे कुटुंब एकत्र घडवायचे, सगळ्यांत समान काय आणि कोणात वेगळे काय हे आधी ठरवायचे, आणि हवा तो प्रोग्राम त्या सामाईक भांडवलातून यंत्राकडून तयार करून घ्यायचा, असा त्याचा बेत. कुटुंबातल्या अशा एकेका प्रोग्रामला व्हेरियंट म्हणतात. प्रस्तुत पुस्तक या शास्त्राच्या एकाच, पण कळीच्या प्रश्नाला वाहिलेले आहे: वैध व्हेरियंट आपोआप कसे घडवायचे? त्यातल्या ‘आपोआप’पेक्षा ‘वैध’वर आमचा भर अधिक आहे. व्हेरियंट पाडणारे यंत्र लिहायला फार दिवस लागत नाहीत. त्यातून बाहेर पडणारे प्रत्येक रूप नियमात बसेल आणि न बसणारे बाहेरच पडणार नाही, अशी हमी द्यायला मात्र गणित लागते, कायद्याचे नेमके वाचन लागते आणि बरीच शिस्त लागते.

समान काय, वेगळे काय

नोंदणीचा कायदा १९०८ चा आहे आणि तो केंद्राचा आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला आणायचा, हे त्याचे कलम २३ सांगते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दस्तनोंदणी समवर्ती सूचीत आहे. मुद्रांक शुल्काचे दर, केंद्राकडे राखलेले काही दस्त सोडले तर, राज्य सूचीत आहेत. म्हणजे गाभ्यात काय ठेवायचे आणि बदलते काय मानायचे, याची पहिली वाटणी घटनाकारांनीच करून ठेवली आहे. अभ्यासकाला याहून चांगली सुरुवात मिळणे कठीण.

बदलता भाग नुसत्या दरांचा असता तर एक तक्ता पुरला असता. तसे का होत नाही, ते महाराष्ट्राच्या अलीकडच्या अनुभवावरून समजते. कोविडच्या मंदीत राज्याने १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क उतरवले. शहरी भागात ५ टक्क्यांचे २ टक्के झाले आणि जानेवारी ते मार्च २०२१ या तीन महिन्यांसाठी ते ३ टक्के ठेवले गेले. आता ३१ डिसेंबर २०२० ला सही झालेला, शुल्क भरलेला दस्त मार्चमध्ये नोंदणीला आला, तर त्याला कोणता दर लावायचा? राज्याची २ टक्क्यांची सवलत संपली आहे, केंद्राच्या कायद्याने दिलेली चार महिन्यांची मुदत मात्र चालू आहे. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांची गाठ पडते तिथे काय करायचे, हे दोहोंपैकी एकातही लिहिलेले नाही. ते वेगळे ठरवावे लागते आणि प्रोग्रामात वेगळे लिहावे लागते. पुढे एप्रिल २०२१ मध्ये महिला खरेदीदारांना घरावर १ टक्का सवलत मिळाली. पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकता येणार नाही, अशी अट तिच्यासोबत आली आणि २०२३ मध्ये ती अट गेली. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत १ टक्का मेट्रो अधिभार सुरू झाला. नागपुरात स्वतःच्या नावाने फ्लॅट घेणाऱ्या बाईच्या दस्तावर सवलत आणि अधिभार दोन्ही एकाच वेळी लागू होतात.

हे झाले एका राज्याचे. रायपूरला आले की जमिनीची ओळखच बदलते. गट क्रमांक आणि सातबारा यांच्या जागी खसरा क्रमांक, बी-१ आणि पी-२ हे उतारे येतात, रेडी रेकनरच्या जागी गाइडलाइन दर येतात आणि जमिनीच्या नोंदी ‘भुइयाँ’ या प्रणालीतून आणाव्या लागतात. या शास्त्रात अशा प्रत्येक निवडण्याजोग्या वेगळेपणाला फीचर म्हणतात. फीचर म्हणजे वापरणाऱ्याला जाणवणारा, हवा किंवा नको म्हणता येणारा गुण. आणि व्हेरियंट म्हणजे फीचरांची एक नेमकी निवड अधिक त्या निवडीतून तयार झालेला प्रोग्राम.

पन्नास वर्षांचा प्रवास

१९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोच्या पुढाकाराने सॉफ्टवेअरच्या संकटावर परिषद भरली होती. तिथे बेल लॅब्जच्या डग्लस मॅकिलरॉय यांनी सुटे भाग कारखान्यात बनवावेत तसे सॉफ्टवेअरचे भाग बनवण्याची कल्पना मांडली. त्यांचे उदाहरण साधे होते: कोनाची साइन काढणारा प्रोग्राम. अचूकतेच्या दहा पायऱ्या, अंकगणिताचे दोन प्रकार, कोनाच्या पाच मर्यादा, चुकीच्या आकड्यांपासून संरक्षणाच्या तीन पातळ्या, असा गुणाकार करून त्यांनी एका साइनची ३०० रूपे दाखवली. ती हाताने लिहिणे शहाणपणाचे नाही, यंत्राने ती मागणीप्रमाणे तयार करावीत, हा विचार तेव्हापासूनचा.

एड्सगर डायक्स्ट्रा यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला प्रोग्रामांच्या कुटुंबाची गोष्ट काढली आणि १९७६ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी तिला नेमके रूप दिले. एकेक सदस्य सुटा अभ्यासण्याआधी सगळ्यांचे समान गुण अभ्यासणे फायद्याचे ठरत असेल, तर त्या प्रोग्रामांना कुटुंब म्हणावे, असे त्यांचे म्हणणे. कोणते निर्णय लवकर घ्यायचे आणि कोणते लांबवायचे, यावर कुटुंबाचा आवाका ठरतो, हा त्यांचा धडा आजही जुना झालेला नाही.

तिसरी मोठी पायरी १९९० ची. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये क्यो कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोडा (फीचर-ओरिएंटेड डोमेन ॲनालिसिस) ही पद्धत मांडली आणि तिच्यासोबत फीचर मॉडेलचे झाडासारखे चित्र आले. कोणते फीचर सक्तीचे, कोणते ऐच्छिक, कोणत्या गटातून एकच घ्यायचे, कशाला काय लागते, कशासोबत काय चालत नाही, हे सगळे एका पानावर मावू लागले. या क्षेत्रातला बहुतेक प्रत्येक लेख आजही तेच चित्र काढून सुरू होतो.

कारखानदारीत ही कल्पना गरजेपोटी शिरली. स्वीडनच्या सेल्सियसटेक कंपनीकडे १९८६ मध्ये नौदलाच्या जहाजांची दोन मोठी कंत्राटे एकदम आली. दोन वेगळी सॉफ्टवेअरे लिहिण्याइतके मनुष्यबळ नसल्याने तिने एकच कुटुंब घडवले. पूर्वी एकूण खर्चात हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांचे प्रमाण ३५ : ६५ होते, ते ८० : २० झाले. पुण्यातल्या कोथरूडमुळे मराठी माणसाला परिचित असलेल्या कमिन्सच्या अमेरिकेतील मूळ कंपनीने नव्वदच्या दशकात इंजिनांच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरची प्रॉडक्ट लाइन केली, तेव्हा नव्या इंजिनाच्या सॉफ्टवेअरला लागणारे २५० मनुष्य-महिने मोजक्या मनुष्य-महिन्यांवर आले. २००० साली डेन्व्हरला या विषयाची पहिली स्वतंत्र आंतरराष्ट्रीय परिषद झाली. २००१ मध्ये क्लेमेंट्स आणि नॉर्थ्रप यांचा, तर २००५ मध्ये पोल, ब्योक्ल आणि व्हॅन डर लिंडन यांचा ग्रंथ आला आणि विषय विद्यापीठांत स्थिरावला.

या इतिहासात महाराष्ट्राचेही एक पान आहे. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये, म्हणजे टीआरडीडीसीत, व्यवसायाचे मॉडेल लिहून त्यातून कोड निर्माण करणारी साधने बनली आणि ‘मास्टरक्राफ्ट’ या नावाने टीसीएसच्या प्रकल्पांत वापरली गेली. तिथले विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांचा त्यामागच्या विचारांवरचा लेख २००३ मध्ये ‘आयईईई सॉफ्टवेअर’ मासिकात आला. पुढे कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी बँका-विम्यासारख्या व्यवसायांच्या सॉफ्टवेअरचे कुटुंब कसे सांभाळावे, यावरही लिहिले. या विषयावर मराठी मुलखात झालेले काम मराठीत मात्र फारसे वाचायला मिळत नाही.

झाडातून तर्कशास्त्राकडे

फीचर मॉडेल दिसायला झाड असले तरी आतून ते तर्काचे सूत्र असते. माइक मॅनियन यांनी २००२ मध्ये आणि टेक्सास विद्यापीठाच्या डॉन बॅटोरी यांनी २००५ मध्ये हे स्पष्टपणे मांडले आणि त्यानंतर या विषयाचा नूर पालटला. उदाहरणादाखल नोंदणीची पाच ऐच्छिक फीचर घेऊ: भू-अभिलेखांची जोडणी, आपोआप नामांतरण, ऑनलाइन भरणा, आधारने ओळख पटवणे आणि घरबसल्या नोंदणी. छत्तीसगडच्या नोंदणी खात्याने २०२५ मध्ये दहा सुधारणा एकदम आणल्या, त्यांत यांच्यासारख्या काही आहेत. इथले मॉडेल मात्र वर्गातल्या फळ्यावर मावेल इतके सोपे केलेले आहे.

पाच फीचर, प्रत्येक घ्या किंवा सोडा, म्हणून ३२ निवडी. आता नियम घालू. आपोआप नामांतरणाला भू-अभिलेखांची जोडणी हवी. घरबसल्या नोंदणीला ऑनलाइन भरणा आणि आधार दोन्ही हवेत. पहिल्या नियमाने त्या जोडीच्या चार निवडींतल्या तीन उरतात, दुसऱ्याने उरलेल्या तिघांच्या आठांतल्या पाच. एकूण वैध व्हेरियंट १५. निम्म्याहून जास्त निवडी बाद झाल्या. मग कोणी सुचवले, की खोट्या माणसाच्या सहीने नामांतरण होऊ नये म्हणून त्यालाही आधार सक्तीचे करा. एक ओळ वाढली आणि १५ चे १३ झाले. समजा एखाद्या राज्यात ऑनलाइन भरणा अजून सुरूच झालेला नाही. मग तिथे घरबसल्या नोंदणी कुठल्याच व्हेरियंटमध्ये येऊ शकत नाही. चित्रात ती दिसते, पण निवडता कधीच येत नाही. अशा फीचरला मृत फीचर म्हणतात. मंत्र्यांनी घोषणा केली, अर्जावर चौकोन छापला आणि त्यावर कोणालाच टिक करता येत नाही, हा प्रकार वाचकाला नवा नसावा. मॉडेल तर्कात उतरवले असेल तर हे घोषणेपूर्वी कळते.

पाच फीचरांचा हिशोब हाताने होतो. तेहतीस स्वतंत्र फीचर झाली की निवडी ८५८ कोटींवर जातात, पृथ्वीवरच्या माणसांहून जास्त. लिनक्सच्या केर्नेलमध्ये निवडीचे पर्याय दहा हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना हो, नाही आणि ‘मॉड्यूल म्हणून’ अशी तीन उत्तरे आहेत. इथे मोजणी सोडून तर्क चालवणारे यंत्र लागते. त्याला सॅट सॉल्व्हर म्हणतात. दिलेल्या सूत्राला खरे ठरवणारी एक तरी निवड आहे का, एवढेच ते सांगते. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये दाखवले की हा प्रश्न सर्वसाधारणपणे अतिशय कठीण गटात मोडतो. पण २००९ मध्ये मेन्डोन्सा, वॉन्सोव्स्की आणि चार्नेत्स्की यांनी तपासून सांगितले, की फीचर मॉडेलांतून येणारी सूत्रे सॉल्व्हरला सहसा सोपी जातात. वैध व्हेरियंट आहे का, हे म्हणून चटकन कळते. किती आहेत हे मोजणे, किंवा त्यांतून कोणावर अन्याय न होता एक चिठ्ठी उचलणे, हे त्याहून बरेच जड काम आहे आणि सध्याच्या संशोधनाचा मोठा भाग तिथेच गुंतलेला आहे.

घडवण्याच्या पद्धती, वाद आणि वास्तव

निवड वैध ठरली, आता तिच्यातून प्रोग्राम कसा काढायचा? इथे घराणी वेगळी होतात.

पहिले घराणे खुणांचे. सगळ्या व्हेरियंटांचा कोड एकाच ठिकाणी ठेवायचा, ऐच्छिक भागांभोवती खुणा करायच्या आणि नको ते कापून टाकायचे. सी भाषेतला प्रीप्रोसेसर हेच करतो आणि लिनक्स त्याच्यावरच उभे आहे. सोपे आणि लवचीक, पण खुणांमध्ये खुणा शिरल्या की वाचणाऱ्याची दमछाक होते. दुसरे घराणे रचनेचे: प्रत्येक फीचरचा कोड वेगळ्या कप्प्यात आणि निवडीप्रमाणे कप्पे एकमेकांवर चढवायचे. ख्रिश्चन प्रेहोफर यांनी १९९७ मध्ये फीचर-केंद्री प्रोग्रामिंगची मांडणी केली. बॅटोरी यांच्या गेनव्होका आणि अहेड या पद्धती याच वाटेवरच्या. इथे वाचायला स्वच्छ मिळते, पण दोन फीचर एकत्र आल्यावरच लागणारा कोड कोणत्या कप्प्यात ठेवायचा, हा प्रश्न सुटत नाही. वरच्या ३१ डिसेंबरच्या दस्ताचा नियम सवलतीच्या कप्प्यात ठेवायचा की मुदतीच्या? तिसरे घराणे डेल्टांचे. इना शेफर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सुचवले, की एक चालता प्रोग्राम घ्या आणि बाकीची रूपे ‘हे वाढवा, ते काढा, ते बदला’ अशा बदलांनी सांगा. कायद्यातल्या दुरुस्त्या असतात तसेच हे, म्हणून सरकारी नियमांना ही भाषा जवळची वाटते. चौथे घराणे निर्मात्यांचे: मॉडेलमधून संपूर्ण कोड काढणारा प्रोग्राम लिहायचा. चार्नेत्स्की आणि आयझेनेकर यांचा २००० सालचा ग्रंथ या घराण्याचा पाया मानतात आणि टीआरडीडीसीचे कामही याच वाटेने गेले. पाचवी पद्धत चालत्या प्रोग्रामातल्या सेटिंगची. व्हेरियंट वेगळा बांधायचाच नाही. डेटाबेसमधल्या नोंदी पाहून प्रोग्राम चालता चालता वागणूक ठरवतो. सरकारी प्रणालींत हीच जास्त दिसते. तिथे वैधतेचा प्रश्न मिटत नाही, फक्त जागा बदलतो: कोडमधून उठतो आणि प्रशासकाच्या स्क्रीनवर जाऊन बसतो.

या पाचांहून अधिक चालणारी एक पद्धत पुस्तकात क्वचित सापडते: नक्कल. जुन्या गिऱ्हाइकाचा प्रोग्राम उचलायचा, नाव बदलायचे, चार ओळी फिरवायच्या. ती स्वस्त असते, पहिल्या दिवशी. मूळ प्रतीत चूक सापडली की ती किती प्रतींत दुरुस्त करायची, हे कोणालाच माहीत नसते. चार्ल्स क्रूगर यांनी सांगितलेल्या तीन मार्गांपैकी एक खास अशांसाठी आहे: असलेल्या प्रतींतून समान भाग बाहेर काढून कुटुंब मागाहून घडवणे. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांना तोच मार्ग लागू पडेल.

वैध म्हणजे काय?

या पुस्तकात वैधतेच्या तीन पातळ्या मानल्या आहेत. पहिली निवडीची: फीचर मॉडेलचे सगळे नियम पाळले गेले का. दुसरी बांधणीची: निघालेला कोड कंपाइल होतो का, हाक मारलेले प्रत्येक फंक्शन त्या व्हेरियंटमध्ये हजर आहे का. तिसरी वागणुकीची: प्रोग्राम जे करायला हवे तेच करतो का. पहिली पातळी यंत्राला जवळजवळ पूर्णपणे सोपवता येते, दुसरी बऱ्याच अंशी, तिसरी आपण लिहून दिलेल्या अपेक्षांपुरतीच. एका पातळीवर उत्तीर्ण झालेला व्हेरियंट पुढच्या पातळीवर सर्रास आपटतो. जेहिप्स्टर नावाच्या वेब-निर्मात्याचे २६,००० हून अधिक वैध व्हेरियंट बेल्जियम आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी प्रत्यक्ष बांधून चालवून पाहिले. २०१९ मध्ये त्यांनी कळवले, की सुमारे ३६ टक्के व्हेरियंट बांधणीत किंवा चाचणीत नापास झाले. त्यांच्या मुळाशी होते फीचरांचे फक्त सहा संगम. थोडी दुखणी, हजारो रुग्ण. मूळ सापडले तर एकदम हजार बरे होतात, हाही त्याचाच अर्थ.

सगळे व्हेरियंट बांधून पाहणे क्वचितच परवडते, म्हणून नमुने निवडतात. कोणत्याही दोन फीचरांची प्रत्येक जोडी निदान एका नमुन्यात यावी, अशी अट घातली तर दहा स्वतंत्र फीचरांच्या १,०२४ निवडींसाठी सहा नमुने पुरतात. बहुतेक दोष एक किंवा दोन घटकांच्या गाठीतून येतात, या रिचर्ड कून आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधील निरीक्षणाचा या पद्धतीला मोठा आधार आहे. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. कोपनहेगनच्या आयटी विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये लिनक्समधले असे ४२ दोष एकेक करून उलगडले, आणि त्यांत दोनाहून अधिक फीचर जुळल्यावरच उघडे पडणारेही आहेत. दुसरा मार्ग संपूर्ण कुटुंब एकाच वेळी तपासण्याचा. क्रिस्टियान केस्टनर आणि सहकाऱ्यांच्या टाइपशेफ या साधनाने २०११ मध्ये प्रीप्रोसेसरच्या खुणा न कापताच लिनक्सचा कोड वाचून दाखवला. थॉमस थ्यूम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या सगळ्या मार्गांचे वर्गीकरण केले: एकेक व्हेरियंट तपासणारे, एकेक फीचर तपासणारे आणि अख्खे कुटुंब तपासणारे. हे पुस्तकही त्याच वर्गीकरणाचा आधार घेते.

आजच का, आणि इथेच का

या विषयाच्या वाङ्मयात उदाहरणे जर्मन मोटारींची, फिनिश फोनांची, डच टीव्हींची. भारताकडे याहून मोठे कुटुंब आहे: एकाच केंद्रीय कायद्याची राज्याराज्यांतली रूपे. रायपूरहून हे फार जवळून दिसते. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि नागपूर त्या प्रांताची राजधानी होती. दोन्हीकडे मध्य प्रांताचा १९१७ चा जमीन महसूल कायदा चालत असे. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली आला. रायपूरला १९५९ ची मध्य प्रदेशची संहिता लागली. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झाले, तेव्हा तीच संहिता नव्या नावाने चालू राहिली आणि त्या दिवसापासून दोन प्रती वेगवेगळ्या दुरुस्त होऊ लागल्या. नक्कल करून पुढे जाण्याची ही पद्धत प्रोग्रामरांनी शोधलेली नाही. विदर्भात आजही खसरा आणि पटवारी हे शब्द ऐकू येतात, ते त्या सामाईक पूर्वजाचे अवशेष आहेत. एनजीडीआरएससारखे सॉफ्टवेअर या फुटलेल्या वाटांना पुन्हा एका गाभ्याशी बांधू पाहते, तेव्हा त्याची गाठ साठ-सत्तर वर्षांच्या फरकांशी असते.

दुसरे कारण ताजे आहे. आता भाषा-मॉडेलला सांगितले की काही मिनिटांत प्रोग्रामची नवी प्रत मिळते. नक्कल करण्याचा खर्च शून्याच्या जवळ आला. प्रती सांभाळण्याचा आणि त्या बरोबर आहेत हे दाखवण्याचा खर्च होता तिथेच आहे. व्हेरियंट जितके झपाट्याने पडतील, तितकी त्यांची वैधता आधी ठरवणारी चौकट जास्त लागेल. उद्योगांनी ही गरज ओळखली आहे: फीचर-आधारित प्रॉडक्ट लाइनसाठी २०२१ मध्ये आयएसओ/आयईसी २६५८० हे आंतरराष्ट्रीय मानक आले, आणि वेगवेगळ्या साधनांना एकमेकांची मॉडेले वाचता यावीत म्हणून संशोधकांनी युनिव्हर्सल व्हेरिएबिलिटी लँग्वेज, म्हणजे यूव्हीएल, घडवायला घेतली.

तिसरे कारण नागरिकाचे आहे. मोबाइल ॲपचा व्हेरियंट फसला तर ॲप बंद पडते. नोंदणीचा व्हेरियंट फसला तर शेतकऱ्याच्या दस्तावर चुकीचे शुल्क चढते, किंवा त्याने विकत घेतलेली जमीन जुन्याच नावावर राहते, आणि ते त्याला कर्ज काढायला गेल्यावर कळते. चूक तक्रारीतून कळावी, की सॉफ्टवेअर कार्यालयात पोचण्याआधी यंत्राने दाखवावी, ही निवड आपल्या हातात आहे.

या पुस्तकाचा बेत

हे पुस्तक रायपूर, नागपूर, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तसेच खात्यांची सॉफ्टवेअरे सांभाळणाऱ्या प्रोग्रामरांसाठी आणि नियम लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीही आहे. वाचकाला एखादी प्रोग्रामिंग भाषा आणि शाळेतले संचगणित येत असावे, एवढीच अपेक्षा. सॅट सॉल्व्हर आतून कसा चालतो, हे लागेल तिथे पहिल्यापासून सांगितले आहे. दस्तनोंदणीचे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाढवत नेले आहे, म्हणजे पद्धती बदलतात तेव्हा नेमके काय बदलते ते दिसेल. ते आमचे स्वतःचे, शिकवण्यासाठी सोपे केलेले मॉडेल आहे. कोणत्याही खात्याच्या प्रणालीचा तो आराखडा नव्हे. प्रयोगांसाठी फीचरआयडीई हे मुक्त साधन वापरले आहे. पारिभाषिक शब्दांत रुळलेले इंग्रजी शब्द तसेच ठेवले आहेत. फीचर, कोड, व्हेरियंट हे शब्द कार्यालयात जसे बोलले जातात तसे.

पाच घराण्यांपैकी एकाचा विजय आम्ही जाहीर केलेला नाही. कोणती अडचण असली की कोणती पद्धत तग धरते, हे दाखवण्याचा प्रयत्न आहे. प्रकल्पांचे अंदाजपत्रक आणि संस्थेची फेररचना या विषयांवर इंग्रजीत चांगली पुस्तके आहेत, म्हणून ते इथे घेतले नाहीत.

एका गोष्टीबद्दल मात्र आम्ही तटस्थ नाही. यंत्र वैधतेची हमी देते ती लिहिलेल्या नियमांच्या आधारे, आणि आपल्याकडचे निम्मे नियम परिपत्रकांत, तोंडी सूचनांत आणि अनुभवी कारकुनाच्या डोक्यात असतात. फीचर मॉडेल लिहिण्याचे काम म्हणूनच एकट्या प्रोग्रामरवर टाकून चालणार नाही. उपपंजीयक, पटवारी, कायदा जाणणारा आणि कोड लिहिणारा यांनी एका टेबलाशी बसून कशाला काय लागते आणि कशासोबत काय चालत नाही हे ठरवले, तर उरलेले पुष्कळसे काम आजची साधने करू शकतात. ते ठरलेच नाही, तर जगातला सर्वोत्तम सॉल्व्हरही चुकीच्या मॉडेलचे बिनचूक उत्तर देईल. वाचकाने प्रत्येक प्रकरणानंतर आपल्या कामातले एक परिपत्रक घ्यावे आणि त्याचे नियम मॉडेलमध्ये उतरवून पाहावेत. पहिल्या दोन-चार प्रयत्नांतच परिपत्रकातले एखादे मृत फीचर हाती लागेल, आणि ते दुरुस्त करायला कोडला हात लावावा लागणार नाही.

रायपूर